छोटा पाणकावळा, भारतीय पाणकावळा: ओळख, वसाहती आणि संरक्षण

पाणकावळ्यांबद्दल वाचकांनी विचारलेले सात प्रश्न या अंकात घेतले आहेत. बहुतेक प्रश्न महाराष्ट्र आणि गोव्यात बारमाही दिसणाऱ्या दोन जातींभोवती फिरतात: छोटा पाणकावळा आणि भारतीय पाणकावळा. तिसरा, मोठा पाणकावळा, गरजेपुरता उत्तरांत आला आहे.

प्रश्न : भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यात वठलेल्या बाभळींवर दोन आकारांचे पाणकावळे शेजारीशेजारी बसलेले दिसतात. लहान ती पिल्ले आणि मोठे ते जाणते पक्षी, असे मुलांना सांगितले तर चालेल का? नसेल तर फरक कसा दाखवावा? (शिक्षिका, इंदापूर तालुका)

नाही, तसे सांगू नका. पाणकावळ्याचे पिल्लू घरट्यातून उडते तेव्हाच ते जवळजवळ आईबापांएवढे झालेले असते. वय रंगावरून कळते, आकारावरून नाही. तुम्हाला दिसतात त्या दोन वेगळ्या जाती आहेत.

छोटा पाणकावळा चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे ५० सेंटिमीटर भरतो आणि वजनाला साधारण अर्धा किलो किंवा त्याहून कमी असतो. भारतीय पाणकावळा ६० ते ६८ सेंटिमीटर, वजन ६०० ते ८०० ग्रॅमच्या आसपास. शेजारीशेजारी बसले की फरक सहज कळतो, पण एकटा पक्षी समोर असला की डोळा हमखास फसतो. म्हणून आकार बाजूला ठेवा आणि डोके पाहा.

छोट्याची चोच आखूड आणि जाडसर असते, डोक्याच्या लांबीपेक्षा स्पष्ट कमी. कपाळ चोचीपासून एकदम उभे चढते, त्यामुळे डोके गोल दिसते आणि मान तोकडी वाटते. भारतीय पाणकावळ्याची चोच लांब, बारीक आणि टोकाला आकड्यासारखी वळलेली, जवळपास डोक्याएवढी लांब. कपाळ उतरते असते आणि चोच जणू त्याच उतारावर पुढे जाते. डोके लहान, मान बारीक. ही बाह्यरेखा एकदा नजरेत बसली की सूर्य पक्ष्याच्या मागे असताना, नुसती काळी आकृती दिसत असतानाही जात सांगता येते. मुलांना फळ्यावर दोन्ही डोकी फक्त रेषेने काढून दाखवा. रंगीत चित्रापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

आठ बाय बेचाळीसची साधी दुर्बीण असेल तर पुढची खूण डोळ्याची. जाणत्या भारतीय पाणकावळ्याचा डोळा निळा-हिरवा असतो, उन्हात पाचूसारखा चमकतो. छोट्याचा डोळा काळपट. मात्र मोठ्या पाणकावळ्याचा डोळाही हिरवा असतो आणि भारतीयच्या कोवळ्या पक्ष्यांचा डोळा मळकट असतो, त्यामुळे एकट्या डोळ्यावर निकाल देऊ नये. विणीचा काळ नसताना भारतीयच्या चोचीखालची उघडी कातडी पिवळी दिसते. छोट्याच्या गळ्यावर त्या काळात फिकट पांढरा डाग येतो. पाठीवर ऊन पडले असेल तर भारतीयच्या पाठीची पिसे कांस्यरंगी, काळ्या कडांची, खवलेदार दिसतात.

विणीच्या काळात दोन्ही जाती नटतात, पण नटण्याची तऱ्हा वेगळी. छोटा पूर्ण चकचकीत काळा होतो, डोक्याच्या बाजूंना बारीक पांढरे ठिपके-रेघा येतात आणि माथ्यामागे आखूड तुरा उठतो. भारतीयच्या डोळ्यामागे, कानाच्या जागी, पांढऱ्या बारीक पिसांचा झुपका येतो. हा झुपका दिसला की पुढे काही पाहायची गरज नाही.

गफलत होते ती मुख्यतः दोन ठिकाणी. पिवळा गळा पाहून भारतीयला मोठा पाणकावळा समजले जाते. मोठा ८० ते १०० सेंटिमीटरचा, दोन किलोच्या वरचा, जाड मानेचा आणि भक्कम चोचीचा पक्षी आहे. त्याच्या पिवळ्या कातडीला मागून पांढऱ्या पिसांची रुंद किनार असते आणि विणीच्या काळात मांडीवर मोठा पांढरा ठिपका येतो. दुसरी गफलत तिरंदाज या पाणपक्ष्याशी. पाण्यात अंग बुडवून फक्त मान वर काढलेला भारतीय पाणकावळा लांबून तिरंदाज वाटतो. तिरंदाजाची चोच भाल्यासारखी सरळ असते, तिला टोकाला आकडा नसतो.

कोवळे पक्षी तपकिरी असतात. त्यातला पोटाकडून मळकट पांढरा दिसणारा, लांब चोचीचा पक्षी बहुधा भारतीयचा कोवळा असतो. मुलांना वय सांगायचे असेल तर हे उदाहरण घ्या.

प्रश्न : दोन्ही इतके सारखे दिसतात तर ते एकमेकांचे सख्खे भाऊ म्हणायचे का? (वाचक, सातारा)

चुलत म्हणा. दोन्ही एकाच कुळातले, पण प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचे गट, वेगळ्या. भारतीय पाणकावळा, फॅलॅक्रोकोरॅक्स फ्युसिकोलिस, हा मोठ्या पाणकावळ्याच्या प्रजातीत मोडतो. छोटा, मायक्रोकार्बो नायगर, हा मायक्रोकार्बो या वेगळ्या प्रजातीत आहे. या प्रजातीत जगभरात पाचच जाती आहेत, सगळ्या लहान चणीच्या आणि आखूड चोचीच्या. ही शाखा बाकीच्या पाणकावळ्यांपासून एक कोटी वर्षांहून आधीच वेगळी झाली. म्हणजे आपल्या तळ्यावरचा भारतीय पाणकावळा हा शेजारी बसलेल्या छोट्यापेक्षा युरोपातल्या मोठ्या पाणकावळ्याला नात्याने अधिक जवळचा आहे. पुस्तके जुनी असतील तर छोट्याचे नावही फॅलॅक्रोकोरॅक्स असेच छापलेले दिसेल, पक्षी तोच.

प्रश्न : पाणकावळ्याच्या अंगाला तेलग्रंथी नसते म्हणून तो पंख वाळवतो, असे वाचले. बदक का वाळवत नाही? (महाविद्यालयीन विद्यार्थी, नाशिक)

तेलग्रंथी असते. शेपटीच्या मुळाशी ती आहे आणि पाणकावळा चोचीने तिथले तेल पिसांना लावतोही. फरक पिसांच्या घडणीत आहे. पाणकावळ्याच्या पिसाची बाहेरची कड सैल विणीची असते, तिथे पाणी शिरते. मधला भाग घट्ट असतो, तो कोरडा राहतो. त्यामुळे अंगालगत हवेचा पातळ थर टिकतो, पण बाहेरची पिसे भिजून जड होतात. बदकाच्या पिसांत खूप हवा अडकते आणि तो बुचासारखा तरंगतो. बुडी मारून माशाचा पाठलाग करणाऱ्याला तेवढे तरंगणे नडते. भिजणे ही पाणकावळ्याची सोय आहे, उणीव नाही.

पंख पसरण्याचे कारण काय यावर बराच वाद झाला. श्रीलंकेत छोट्या पाणकावळ्यांवर केलेल्या नोंदींतून असे दिसले की पक्षी बुडी मारून आल्यावरच पंख पसरतो, जितका वेळ पाण्यात तितका जास्त वेळ पसरतो आणि हवा गरम व कोरडी असेल तर लवकर मिटतो. वाळवण्याच्या बाजूने हा पुरावा चांगला आहे. नाशिकमध्येच हे तपासता येईल: नांदूर मधमेश्वरच्या जलाशयावर एकाच पक्ष्यावर नजर ठेवा, तो पाण्यात किती मिनिटे होता आणि वर येऊन किती मिनिटे पंख पसरून बसला एवढेच लिहा, सोबत वेळ आणि तापमान. डिसेंबरातल्या सकाळच्या आणि एप्रिलमधल्या दुपारच्या नोंदी शेजारी ठेवल्या की फरक दिसेल.

प्रश्न : लाल यादीत दोन्ही जाती 'किमान चिंता' वर्गात आहेत. मग त्यांच्या संरक्षणाचा आग्रह कशासाठी? आणि कायद्याने त्यांना काही संरक्षण आहे का? (वाचक, ठाणे)

आधी तो वर्ग कसा ठरतो ते पाहू. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ, म्हणजे आययूसीएन, लाल यादी करताना जातीचा जगातून नाहीसा होण्याचा धोका मोजतो. 'संकटग्रस्त'च्या पहिल्या पायरीवर यायला ठरावीक उंबरठे आहेत. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यातला जो काळ मोठा असेल त्यात, संख्या किमान ३० टक्के घटलेली असावी लागते. किंवा प्रजननक्षम पक्षी दहा हजारांहून कमी उरून घट चालू असावी लागते. किंवा पसारा २०,००० चौरस किलोमीटरहून कमी असून तो तुटक आणि आक्रसत असावा लागतो. छोटा पाणकावळा भारतीय उपखंडापासून थेट जावापर्यंत पसरलेला आहे. भारतीय पाणकावळा उपखंडापासून म्यानमार, थायलंड, कंबोडियापर्यंत. एवढ्या पसाऱ्यामुळे त्यांना पसाऱ्याचा उंबरठा लागूच होत नाही.

म्हणजे उद्या एखाद्या जिल्ह्यातल्या सगळ्या वसाहती तुटल्या तरी लाल यादीतले अक्षर हलणार नाही. ती यादी जगाचा हिशेब ठेवते. तालुक्याचा हिशेब आपल्यालाच ठेवावा लागतो. 'किमान चिंता' हे शब्द वाचून एखादा अधिकारी किंवा ठेकेदार झाड पाडायला मोकळा झाला असे समजत असेल, तर ते साफ चूक आहे.

याच कुळात काय काय घडू शकते तेही पाहण्यासारखे आहे. बेरिंग बेटाजवळचा चष्मेवाला पाणकावळा १७४१ मध्ये शास्त्रज्ञांच्या नजरेला आला आणि १८५० च्या सुमारास संपलाही. तो मोठा, जड, जेमतेम उडणारा होता आणि माणसांनी तो खाऊन संपवला. दक्षिण आफ्रिका-नामिबियाच्या किनाऱ्यावरचे बँक पाणकावळा आणि केप पाणकावळा आज 'धोकाग्रस्त' वर्गात आहेत. गॅलापागोसचा न उडणारा पाणकावळा दोनच बेटांच्या किनाऱ्यांवर आहे, म्हणून असुरक्षित. या सगळ्यांत समान धागा एक: एकाच किनाऱ्याला किंवा एकाच प्रकारच्या माशाला बांधलेले जगणे. आपले दोघे गोड्या पाण्याचे आणि चवीने फारसे चोखंदळ नसलेले. चिलापीसारखा परका मासा आपल्या जलाशयांत माजला, तर तो त्यांना चालून गेला.

पण दोघांचे चालणे सारखे नाही, आणि आमच्या मते मुद्दा इथेच आहे. छोटा पाणकावळा मीटरभर खोलीच्याही आत, दोन ते नऊ सेंटिमीटरचे मासे पकडतो. गावतळे, ओढा, भातखाचर, पाटाचे पाणी, खाडीचा कोपरा, त्याला काहीही पुरते, आणि तो बहुधा एकटा किंवा विरळ टोळीने शिकार करतो. एक तळे बुजले तर तो पुढच्या तळ्यावर जातो, जोवर पुढचे तळे शिल्लक आहे तोवर. भारतीय पाणकावळ्याला मोठे, खोल पाणी आणि माशांचे थवे हवेत. तो टोळीने मासे घेरतो, पुढची रांग बुडी मारते तोवर मागची तिच्यापुढे जाऊन उतरते. अशी पाणी असलेली ठिकाणे आपल्याकडे मुख्यतः धरणांचे जलाशय आणि मोठ्या नद्या. तिथेच तंगुसाची, म्हणजे पारदर्शक नायलॉन धाग्याची, बारीक जाळी सर्वांत जास्त लागतात आणि खोल बुडी मारणारा पक्षी त्यात अडकतो. दोघांतून एकाकडे जास्त लक्ष द्यायचे असेल तर ते भारतीयकडे द्या. तो नेमका असा पक्षी आहे ज्याची नोंद लोक 'पाणकावळा' एवढ्या एका शब्दावर सोडून देतात, आणि मग तो कमी झाला तरी कळत नाही. शेजारचा तिरंदाज बरीच वर्षे 'संकटसमीप' वर्गात राहिला. त्याच्याबाबत ही जागरूकता आली, पाणकावळ्यांबाबत अजून यायची आहे.

आता कायदा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये पाणकावळे आधी चौथ्या अनुसूचीत होते. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हा जुन्या अनुसूची मोडून नव्याने लावल्या गेल्या आणि चौथ्यातले बहुतेक पक्षी दुसऱ्या अनुसूचीत आले. कलम ९ प्रमाणे शिकारीला बंदी आहे, आणि 'शिकार' या शब्दाची कायद्यातली व्याख्या नीट वाचण्यासारखी आहे: मारणे, पकडणे, फास लावणे, विष घालणे तर त्यात येतेच, शिवाय पक्ष्याची अंडी फोडणे आणि अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणे हेही शिकारच आहे. सर्वसाधारण उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

प्रश्न : आमच्या गावात बाजारतळावरच्या चिंचेवर पाणकावळे आणि बगळ्यांची पन्नासेक घरटी आहेत. खाली शिटीचा सडा, माशांचा वास. ग्रामसभेत झाड छाटायची मागणी आहे. मध्यम मार्ग काय? (ग्रामपंचायत सदस्य, सांगली जिल्हा)

घरट्यांत अंडी-पिल्ले असताना एक फांदीही तोडू नका. वर दिलेल्या व्याख्येप्रमाणे तो गुन्हा आहे. २०२२ मध्ये केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात महामार्गाच्या रुंदीकरणासाठी वसाहतीचे झाड पाडले गेले, पाणकावळ्यांची पिल्ले रस्त्यावर आपटून मेली आणि प्रकरण वनखात्याच्या गुन्ह्यापर्यंत गेले. झाड तोडायची परवानगी हातात असली तरी ती घरटी मोडायची परवानगी नसते.

काळाचा हिशेब असा. उत्तर भारतात छोट्याची वीण जुलै ते सप्टेंबर, दक्षिणेत नोव्हेंबर ते फेब्रुवारी. भारतीय पाणकावळा जुलै ते फेब्रुवारी या काळात पाण्याप्रमाणे घरटी करतो. महाराष्ट्र दोहोंच्या मध्ये आहे आणि पाऊस पुढेमागे झाला की वीणही सरकते. म्हणून तारीख न पाहता झाड पाहा. एका घरट्यात तीन ते पाच अंडी असतात. ती घातली तेव्हा फिकट निळसर-हिरवी, वर खडूसारखा थर, आणि दिवसांगणिक पिवळट-मळकट होत जातात. दोन ते तीन आठवडे उबवण, त्यानंतर साधारण महिनाभर पिल्ले घरट्यात. पण सगळ्या जोड्या एकाच दिवशी सुरुवात करत नाहीत. पहिले घरटे लागल्यापासून शेवटचे रिकामे होईपर्यंत तीन-चार महिने धरून चला. दुर्बिणीने सलग दोन आठवडे एकही भरलेले घरटे दिसले नाही, की मग रस्त्यावर आलेल्या फांद्यांची हलकी छाटणी, तीही झाडाबाबतची रीतसर परवानगी आणि वनखात्याला लेखी कळवून.

तोवर खालची व्यवस्था बदला. वसाहतीचा घेर जमिनीवर चुन्याने आखा. शीट पडते तो गोल साधारण फांद्यांच्या पसाऱ्याएवढाच असतो. त्यातली दुकाने, वाहने आणि पाण्याच्या टाक्या हलवा. बसस्टॉपसारखे हलवता न येणारे असेल तर त्यावर उतरते पत्रे घाला, सपाट ताडपत्री नको. तिच्यावर पाणी आणि शीट साचून ती फाटते. विहीर जवळ असेल तर झाकून घ्या. शीट वाळू देऊ नका: वाळलेली झाडताना उडणारी धूळ श्वासात जाते, तोच खरा आरोग्याचा प्रश्न. आधी पाणी मारून भिजवा, मग ओढा, झाडणाऱ्याने नाकातोंडाला पट्टी बांधावी. गोळा झालेले मातीत मिसळून कुजवले तर नत्र आणि स्फुरदाचे चांगले खत होते. ताजे थेट रोपांना घालू नये, मुळे करपतात.

फटाके वाजवून पक्षी उठवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो थांबवा. पालक उठला की काही मिनिटांत कावळे अंडी उचलतात, आणि दुपारच्या उन्हात सावलीविना उघडी पिसाविरहित पिल्ले पटकन दगावतात. घाबरलेली मोठी पिल्ले पोटातला मासा ओकतात आणि काठावर सरकून खाली पडतात. म्हणजे वासही वाढतो आणि मेलेली पिल्लेही.

झाडाची काळजीही रास्त आहे. सतत शिटीने पाने जळतात आणि काही वर्षांत फांद्या वठू शकतात. लांबचा उपाय म्हणून गावतळ्यात मातीचा उंचवटा करून त्यावर बाभळी लावा. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात अशाच उंचवट्यांवरच्या बाभळींत मोठ्या वसाहती भरतात. चारही बाजूंनी पाणी असले की कुत्री आणि माणसे दोन्ही लांब राहतात. बाभळीला घरटी पेलण्याइतकी व्हायला काही वर्षे लागतील, म्हणून चिंच आजच तोडू नये.

ग्रामसभेत एक माहिती जरूर द्या. तमिळनाडूतल्या वेडंथांगल गावच्या तळ्यात छोटे पाणकावळे, बगळे, चित्रबलाक घरटी करतात. तिथल्या शेतकऱ्यांनी त्यांच्या शिटीने समृद्ध झालेले पाणी शेतीला चांगले म्हणून पक्ष्यांना राखले, आणि १७९८ मध्ये त्या वेळच्या कलेक्टरकडून तळ्याला संरक्षण मिळवले.

प्रश्न : शेततळ्यात कटला-रोहूचे बीज सोडले की आठवड्यात वीस-पंचवीस पाणकावळे उतरतात. किती नुकसान धरायचे? आणि कायदा न मोडता काय करता येईल? (मत्स्यशेतकरी, अहिल्यानगर जिल्हा)

ठोकळ हिशेब असा. पाणकावळा रोज आपल्या वजनाच्या पंधरा-वीस टक्के मासे खातो. छोट्याला दिवसाला सरासरी ८० ग्रॅम धरा. वीस पक्षी पूर्ण पोट तुमच्याच तळ्यात भरत असतील तर दीड किलोच्या वर. पाच-सहा सेंटिमीटरचे बीज नगाला तीनेक ग्रॅम असते, म्हणजे दिवसाला पाचशेच्या आसपास नग. नुकसान खरे आहे, ते नाकारून चालणार नाही. तेच बीज बारा सेंटिमीटरची बोटुकली करून सोडले, तर छोट्याच्या घशात ते सहसा बसत नाही. म्हणून आधी पक्षी कोणता ते पाहा. छोटे असतील तर मोठ्या बोटुकलीने प्रश्न बराच सुटतो. भारतीय असतील तर सुटत नाही, कारण ते मोठा मासा आणि खोल पाणी दोन्ही घेतात.

सगळ्या तळ्यावर जाळी घालणे परवडत नाही आणि गरजही नसते. एका कोपऱ्यात किंवा वेगळ्या छोट्या तळ्यात संगोपन करा आणि तेवढेच झाका. चार-पाच सेंटिमीटर आसाची (भोकाची), जाड, रंगाने उठून दिसणारी जाळी घ्या. तंगुसाची पारदर्शक जाळी कधीही नको. ती पक्ष्याला दिसत नाही, तो अडकून मरतो आणि तुम्ही कायद्याच्या कचाट्यात येता. दर तीन-चार मीटरवर तार ताणून जाळी पाण्यापासून दीड-दोन मीटर उंच ठेवा, म्हणजे खाद्य टाकायला वाकावे लागणार नाही. बाजूही काठापर्यंत बंद करा, छोटा पाणकावळा कडेने चालत आत शिरतो. सैल पडलेली जाळी ही सर्वांत मोठी चूक आहे. दर आठवड्याला ताण तपासा.

मोठ्या तळ्यात माशांना लपायला जागा द्या: बांबूच्या कामट्यांचे पिंजरे किंवा झुडपांचे भारे पाण्यात बुडवून, वर तरंगता खुणेचा डबा बांधून. पक्षी आत शिरू शकत नाही, मासे शिरतात. तळ्यात उभे केलेले रिकामे खांब काढा, ते पक्ष्यांचे बैठकीचे ठिकाण होते. बीज सोडल्यानंतरचे पहिले दोन आठवडे सूर्योदयापासून दोन तास माणूस काठावर फिरता ठेवा. आवाजाची यंत्रे चार दिवस चालतात, मग पक्षी सरावतात.

आणि पक्षी पहाटेच अचानक जमत असतील तर आधी पाणी तपासा. ढगाळ हवेनंतरच्या पहाटे विरघळलेला प्राणवायू लिटरला तीन मिलिग्रॅमच्या खाली गेला की मासे पृष्ठभागावर तोंड काढतात आणि पक्ष्यांना आयते सापडतात. अशा वेळी नुकसान पाण्याने सुरू केलेले असते, शिक्का पक्ष्यावर बसतो. वायुवीजक (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) चालवा, खाद्य कमी करा.

पक्षी मारायचा किंवा पकडायचा अधिकार कोणालाही नाही. मालमत्तेचे गंभीर नुकसान होत असेल तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांकडेच अर्ज करावा लागतो, आणि त्याआधी तुम्ही वरचे उपाय केलेत का हे विचारले जाईल.

प्रश्न : करमळीच्या तळ्याकाठी जाळ्यात अडकलेला पाणकावळा सापडला तर नेमके काय करावे? (वाचक, तिसवाडी, गोवा)

एकट्याने करू नका. एकाने मोठा टॉवेल किंवा गोणपाट मागून टाकून पंखांसकट पक्षी झाकावा. डोळे झाकले की तो बराच शांत होतो. दुसऱ्याने कपड्यावरूनच डोक्याच्या मागे, जबड्याच्या सांध्याशी बोटांनी हलके धरावे. चेहरा लांब ठेवा, चष्मा असेल तर लावा: पाणकावळा डोळ्यांवर चोच मारतो आणि टोकाचा आकडा खोल लागतो.

चोच दोरीने किंवा चिकटपट्टीने बांधू नका. जाणत्या पाणकावळ्याच्या नाकपुड्या बंद असतात, तो तोंडाने श्वास घेतो; चोच बांधली की गुदमरतो. सुटका करणाऱ्यांकडून सर्वाधिक पक्षी याच चुकीने दगावण्याची भीती असते. चोचीच्या फटीत थोडी जागा राहील असेच धरा.

जाळे ओढू नका, कात्रीने धागा धागा कापा. आधी मानेभोवतीचा, मग पंखांचा, शेवटी पायांचा. पायाच्या चारही बोटांमध्ये पडदा असतो आणि तंगूस त्या पडद्यात रुतून बसतो. पिसे फुंकर मारून बाजूला करा आणि एकही धागा राहिला नाही ना पाहा. राहिलेला धागा आठवड्याभरात कातडीत शिरतो. गळ लागलेला दिसला तर उपटू नका. बाहेरची दोरी हातभर ठेवून कापा आणि पशुवैद्यांकडे न्या. दोरी पूर्ण कापली तर आत गेलेला गळ शोधणे अवघड होते.

जखम नसेल आणि पक्षी जोर करत असेल तर लगेच, पाण्यापासून दोन-तीन मीटरवर, जमिनीवर सोडा. थेट पाण्यात टाकू नका. बराच वेळ अडकलेल्या पक्ष्याची पिसे पार भिजलेली असतात आणि तो थकलेला असल्याने बुडू शकतो. त्याला आधी कोरडे व्हायचे असते. पंख लोंबत असेल, रक्त येत असेल किंवा तो उभा राहत नसेल तर भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, तळाशी जुने कापड घालून, अंधारात ठेवा. तोंडात पाणी ओतू नका, मासा कोंबू नका. गोव्यात जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळवा. महाराष्ट्रात असाल तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. सोबत जागा, वेळ, जाळ्याचा प्रकार आणि जात लिहून द्या. जात नक्की सांगता येत नसेल तर चोच आणि कपाळ बाजूने दिसेल असा एक फोटो पुरतो.